लेकरू लहान असताना स्वतःचं वाचन कसं बसवायचं

लग्नाआधी महिन्याला तीन-चार पुस्तकं सहज संपवणाऱ्या बायका लेकरू झाल्यावर वर्ष-वर्ष पान उलटत नाहीत. मग एक दिवस ठरतं, उद्यापासून पहाटे चारला उठायचं. तीन-चार दिवस उठणं होतंही. पुढं लेकराला ताप येतो, नाहीतर नळाला नेमकं पहाटेच पाणी सुटतं, आणि पुस्तक उशाखाली जातं ते जातंच. "आता माझ्याच्यानं होत नाही," म्हणून विषय संपतो.

गडबड बहुतेक वेळा क्रमात असते. आधी पुस्तक आणलं जातं, मग वेळ ठरते, आणि त्या वेळेला लेकरू कुणाकडं असेल हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. हे उलटं करायचं. आधी लेकराची सोय, मग वेळ, मग त्या वेळेत मावेल असं पुस्तक.

तान्ह्या बाळापासून पहिली-दुसरीतल्या पोरापर्यंत कुणाचीही आई असाल तर पुढचे टप्पे लागू पडतील. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचं गणित वेगळं असतं; त्या बायकांनी तिसरा टप्पा तेवढा वाचला तरी पुरे.

१. आठ दिवस नोंद करा, वाचू नका

दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर लिहिता त्याच्याच चौकटीत रोज तीन गोष्टी लिहायच्या. लेकरू कधी झोपलं आणि कधी उठलं. घरात दुसरं मोठं माणूस कधी होतं. आणि तुम्ही मोबाइल हातात घेऊन कधी बसलात. तिसरी नोंद कुणाला दाखवायची नाही, त्यामुळं खरी लिहा. वही, रंगीत तक्ते, अ‍ॅप यांतलं काहीही लागत नाही. ज्या बाईला तक्ता आखायला वेळ आहे तिला हा लेख लागणार नाही.

आठवड्यानं कॅलेंडर उतरवून बघा. मोकळा वेळ दोन जातींचा दिसेल. एकात हात अडकलेले असतात पण कान मोकळे असतात: भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, बाळाला अंगावर पाजताना. दुसऱ्यात हात, डोळे आणि डोकं तिन्ही मोकळे असतात, आणि हा वेळ फार थोडा असतो. पहिला ऐकण्यासाठी ठेवा, दुसरा वाचण्यासाठी. यांची सरमिसळ केली की काय होतं ते ठाऊकच आहे. तव्यावर भाकर टाकून शेजारी पुस्तक उघडलं तर भाकर करपते, पुस्तकाच्या कडेला पिठाची बोटं उमटतात आणि वाचलेलं पान रात्री पुन्हा वाचावं लागतं.

पाण्याच्या दिवसाला गोल करा. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री-बेरात्री. पाण्याचा दिवस आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ वाचनाच्या हिशोबातून आधीच वजा करायची. ती वजा न करणं हीच पहाटे चारच्या योजनेतली पहिली चूक.

तपासा: आठवड्यात वीस मिनिटांच्या वरचे, हात-डोकं मोकळं असलेले किमान तीन तुकडे दिसतात का? दिसत असतील तर पुढं चला. एकही दिसत नसेल तर तो शोधत बसू नका, थेट तिसऱ्या टप्प्यावर जा. तुमच्या घरात वेळ दडून बसलेला नाही, तो कुणाकडून तरी घ्यावा लागणार आहे.

सावधान: रात्रीची आणि दुपारची मिळून तुमची झोप सहा तासांच्या आत असेल तर सापडलेला पहिला तुकडा झोपेचा. अर्धवट झोपेत वाचलेलं डोक्यात राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड लेकरावर निघते.

२. लेकराच्या वयावरून वाचनाचा प्रकार ठरवा

एकच पद्धत पाच वर्षं चालवायचा हट्ट करू नका. दर सहा-आठ महिन्यांनी लेकरू बदलतं आणि तुमची पद्धतही बदलावी लागते.

पहिले सहा महिने

तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. या काळात पुस्तक संपवायचं ध्येय ठेवूच नका. कविता, दोन-तीन पानांचे ललित लेख, जुना दिवाळी अंक, किंवा कानाला लावून ऐकायची पुस्तकं एवढंच ठेवा. स्टोरीटेल या अ‍ॅपवर मराठी पुस्तकं ऐकायला मिळतात. आकाशवाणी तर फुकटच आहे. आवाज बारीक ठेवा आणि एकच कान झाका, दुसरा बाळाकडं असू द्या.

माहेरी बाळंतपणाला असाल तर "बाळंतिणीनं वाचू नये, डोळे जातात" हे ऐकायला मिळेलच. वाचल्यानं डोळे जात नाहीत. अंधुक उजेडात, झोप झालेली नसताना वाचलं तर ते दुखतात, थकतात, एवढंच. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बाळाला तेल लावणाऱ्या मावशीला किंवा आजीला एखादी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा. दोन दिवसांनी "पुढं काय झालं गं?" असं त्याच विचारतात आणि डोळ्यांचा विषय निघत नाही.

सावधान: खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला मांडीवर घेऊन वाचताना डुलकी लागत असेल तर पुस्तक लगेच ठेवा आणि बाळाला त्याच्या सपाट जागी झोपवा. बसल्या जागी आईला झोप लागली तर बाळ उशी-गादीच्या फटीत सरकून गुदमरू शकतं.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. आवडतं पुस्तक हातात घेऊनही काहीच वाटत नाही, सारखं रडू येतं, बाळाजवळ जावंसं वाटत नाही आणि हे दोन आठवड्यांच्या पुढं चाललंय, तर तो वाचनाचा प्रश्न नाही. डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथं मराठीत बोलता येतं.

रांगायला लागल्यापासून अडीच-तीन वर्षांपर्यंत

सगळ्यात अवघड काळ हाच, आणि सगळ्यात जास्त चुकाही याच काळात होतात. "ते खेळतंय, मी इथंच बसून दोन पानं वाचते." हे करायचं नाही. आपल्याकडं पाणी साठवून ठेवावं लागतं, त्यामुळं घरात हौद, ड्रम, टाकी, बादल्या भरलेल्या असतात. बादलीभर पाण्यातही रांगतं लेकरू डोक्यावर पालथं पडतं, आणि तेव्हा आवाज होत नाही. लेकरू जागं आहे आणि घरात तुम्ही एकट्या आहात, तर पुस्तक बंद. याला अपवाद नाही. ड्रमांना घट्ट झाकणं, न्हाणीघराला बाहेरून कडी आणि वापरून झालेली बादली पालथी, ही सवय वाचन करा न करा, लावाच.

या वयात वाचनाच्या जागा दोनच: लेकराची झोप आणि दुसऱ्याकडं दिलेला ताबा. एक ते दोन वर्षांच्या लेकराला दुपारची धरून दिवसाला अकरा ते चौदा तास झोप लागते. दुपारची झोप तुमच्या नोंदीत दिसेल. ते झोपल्या झोपल्या पुस्तक उघडू नका, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. पहिल्या दहा मिनिटांत उठणारं लेकरू तुमचा डावही मोडतं आणि मूडही. त्यानंतर वीस मिनिटं वाचा आणि मग घरकामाला लागा. आधी घरकाम आणि मग वाचन असा क्रम लावलात तर भांडी पडायच्या आवाजानं लेकरू उठतं आणि वाचन राहतं ते राहतंच.

तीन ते सहा वर्षं

लेकरू अंगणवाडीत किंवा बालवाडीत जायला लागलं की हातात दोन-तीन तास येतात, आणि पंधरा दिवसांत ते धुण्या-भांड्यांत विरघळूनही जातात. सोडून घरी आलात की चपला काढून आधी वीस मिनिटं वाचायला बसायचं. झाडू हातात घ्यायच्या आधी. झाडू घेतला की फरशी आणि फरशी झाली की ओटा. ही साखळी सुरू झाल्यावर कुणीच मधे थांबत नाही.

शाळकरी पोर

आता एकत्र बसता येतं. तुमच्या हातात तुमचं पुस्तक, त्याच्या हातात त्याचं. पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक यासाठी चांगलं आहे. ते १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मात्र लेकराला वाचून दाखवणं हे तुमच्या वाचनात मोजू नका. ते छान काम आहे, पण ते त्याचं वाचन. बऱ्याच आया "मी रोज गोष्टी वाचतेच की" म्हणतात आणि स्वतःसाठी वर्षभरात काही वाचलेलं नसतं.

३. लेकराचा ताबा नीट द्या

"मी जरा वाचते, लक्ष ठेवा हं." हे वाक्य कामाचं नाही. 'जरा' म्हणजे किती? 'लक्ष' म्हणजे काय? दहा मिनिटांत हाक येते, कारण समोरच्याला वाटतं, लेकरू अजून तुमचंच आहे आणि तो फक्त त्याच्याकडं बघतोय.

ताबा देताना चार गोष्टी स्पष्ट बोलायच्या: कधीपासून कधीपर्यंत, लेकराचं खाणं-पिणं झालंय का, रडलं किंवा शी झाली तर कुणी बघायचं, आणि तुम्ही कुठं असणार.

"अहो, साडेआठ ते नऊ लेकरू तुमच्याकडं. वरण-भात खाऊन झालाय. शी झाली तर तुम्हीच धुवायचं, मला हाक मारायची नाही. मी वरच्या खोलीत आहे, नऊला खाली येते."

एवढं लांबलचक बोलणं पहिल्यांदा जड वाटतं. बोला. आणि नऊला खरोखर खाली या. आठ पन्नासला आलात तर उद्यापासून "झालं का?" विचारायला सुरुवात होते, सव्वानऊला आलात तर पुढच्या वेळी काहीतरी काम निघतं. या व्यवहारात वेळ पाळणं दोन्ही बाजूंना लागू आहे.

सासूबाईंशी बोलताना नुसतं मागू नका, द्यायचंही बघा. "आत्याबाई, तुम्ही हरिपाठाला बसायच्या आधी अर्धा तास लेकरू घ्याल का? मग तुमचा हरिपाठ होईपर्यंत मी त्याला त्या खोलीकडं फिरकू देत नाही." त्यांनाही स्वतःचा वेळ कुणी कधी दिलेला नसतो, त्यामुळं ही भाषा पटकन कळते. जावा-जावांच्या घरात हे आणखी सोपं: एक दिवस तुमची पोरं त्यांच्याकडं, एक दिवस त्यांची तुमच्याकडं.

घरात दुसरं कुणीच नसेल तर शेजारची एक आई शोधा. मंगळवारी संध्याकाळी पाऊण तास तिचं लेकरू तुमच्या घरी, शुक्रवारी तुमचं तिच्या घरी. दोघींची लेकरं साधारण एका वयाची असतील तर उत्तम. एक रांगतं आणि एक पळतं अशी जोडी सांभाळणारीचा जीव काढते. नवरा वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टवर असेल तर महिन्याचं एकच वेळापत्रक चालणार नाही. शिफ्ट बदलली की त्याच रविवारी बसून पुढच्या आठवड्याचे दोन ताबे ठरवून घ्या. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा त्याच्याकडून काही मागू नका, झोपमोड झालेल्या माणसाकडं लेकरू देणं बरं नाही.

इथं होणाऱ्या नेहमीच्या चुका:

ताबा देऊन दारातून बघत राहणं. "असं नाही धरायचं", "त्याला तो डबा नको देऊ" असं आतून ओरडणं म्हणजे ताबा परत घेणं. डबा दिला तर दिला. पाणी, आग, वीज, औषधं, एवढं आधी आवरून ठेवा आणि बाकीचं सोडा.

उपकार मागितल्यासारखं मागणं. "तुम्हाला वेळ असेल तर…" या वाक्याला वेळ कधीच नसतो.

चोरून वाचणं. न्हाणीघरात मोबाइल नेऊन किंवा "डोकं दुखतंय" म्हणून पडून वाचलं तर चार दिवस जमतं. मग खरंच डोकं दुखेल तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

लेकराला मोबाइल देऊन स्वतः पुस्तक घेणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना स्क्रीन नकोच म्हटलंय, आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर बरंच. शिवाय रोज वीस मिनिटांसाठी दिलेला मोबाइल परत घेताना जो धिंगाणा होतो त्यात वाचलेलं सगळं निघून जातं.

तपासा: पहिल्या दोन ताब्यांना पुस्तक घेऊ नका. गच्चीवर किंवा आतल्या खोलीत नुसतं बसा. लेकरू रडेल, तुम्हाला उठावंसं वाटेल, उठू नका. सांभाळणारं माणूस आणि लेकरू आपसांत काहीतरी मार्ग काढतात. हाक न येता दोन ताबे पार पडले की तिसऱ्याला पुस्तक घ्या.

४. आता पुस्तक निवडा

आधी साधा हिशोब. नेहमीच्या आकाराच्या मराठी पुस्तकाची, हाक-बोलावणं धरून, वीस मिनिटांत सात-आठ पानं होतात. आठवड्याला चार बैठका म्हणजे तीसेक पानं. १६० पानांचं पुस्तक पाच-साडेपाच आठवडे जाईल. पाचशे पानांची कादंबरी चार महिने खाईल, आणि तिसऱ्या महिन्यात कोण कुणाचा मामा तेही आठवणार नाही.

म्हणून पहिलं पुस्तक दीडशे पानांच्या आतलं, आणि एका बैठकीत एक तुकडा संपेल असं. कथासंग्रह, ललित लेख, छोट्या प्रकरणांचं आत्मकथन, प्रवासवर्णन. मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक किंवा गेल्या वर्षीचा दिवाळी अंकही चालतो. दिवाळी अंक दिवाळीतच वाचायला हवा असा काही नियम नाही. जाड कादंबरी वाचायचीच असेल तर दोन छोटी पुस्तकं संपवून मग.

मुलं वाढवण्याची, संस्कारांची, वेळेच्या नियोजनाची पुस्तकं पहिल्या तीन महिन्यांत नको. लेकरू कुणाकडं तरी देऊन तुम्ही लेकराबद्दलच वाचत बसणार असाल तर ही सगळी खटपट कशाला केली?

अक्षरं बारीक असलेली जुनी आवृत्ती टाळा. दुकानात किंवा वाचनालयात उभ्यानं पहिली दोन पानं वाचून बघा. दुसऱ्या पानावर तुम्ही कुठं उभ्या आहात हे विसरलात तर पुस्तक घ्या.

वाचनालयाचं सभासदत्व कसं घ्यायचं

पुस्तकं विकत घेण्यापेक्षा इथूनच सुरुवात करा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ नुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, जीवन विकास ग्रंथालय आहे. परभणीला गणेश वाचनालय आहे. खेड्यातलं ड वर्गाचं वाचनालय म्हणजे बऱ्याचदा एक खोली आणि चार कपाटं. पण आठवड्याला तीस पानं वाचणाऱ्या बाईला चार कपाटं काही वर्षं पुरतात.

जाताना आधार कार्डाची प्रत आणि फोटो न्या. परत मिळणारी अनामत किती आणि वर्गणी किती, हे पावतीवर वेगवेगळं लिहून घ्या. मग एवढं विचारा: एका वेळी किती पुस्तकं, किती दिवसांसाठी, मुदत वाढवून मिळते का आणि फोनवर सांगितलं तर चालतं का, सुट्टी कोणत्या वारी, आणि माझ्या कार्डावर घरचं दुसरं कुणी पुस्तक बदलून आणू शकतं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. पाच आठवडे लागणारं पुस्तक पंधरा दिवसांच्या मुदतीत बसत नाही, आणि दर वेळी लेकरू कडेवर घेऊन तुमचं जाणं होत नाही.

दुसऱ्याला पाठवताना चिठ्ठीत एकच नाव लिहू नका. ते पुस्तक बाहेर गेलेलं असतं आणि नवरा हाताला लागेल ते जाडजूड घेऊन येतो. पाच-सहा नावं क्रमानं लिहा, शक्य असेल तर दाखल क्रमांकासह (वाचनालयानं पुस्तकाला दिलेला नंबर), आणि खाली मोठ्या अक्षरांत: दीडशे पानांच्या वर नको.

वाचनालय लांब असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची बरीच पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. घरात वाय-फाय असताना दोन उतरवून ठेवा, ऐन वेळी नेटवर विसंबू नका.

तपासा: हातात एक पुस्तक आणि राखीव एक, एवढंच. ग्रंथोत्सवात सवलतीत घेतलेली बाकीची कपाटात आत ठेवा. उशाशी पाच पुस्तकांची चळत असली की वीसपैकी सात मिनिटं कोणतं घेऊ यातच जातात.

५. जागा आणि सामान

हे पटकन होतं. पलंगावर आडवं होऊन वाचू नका, झोप लागते. पाठ टेकेल अशी बसायची जागा ठरवा, आणि ती लेकराच्या नजरेआड असू द्या. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या किंवा वरच्या खोलीत दुपारी बसणं शक्य नसतं; तेव्हा सकाळचा किंवा रात्रीचा ताबा घ्या आणि दुपार झोपेला द्या. भारनियमन असेल तर चार्जिंगचा दिवा त्याच जागी टांगून ठेवा, शोधायला लागता कामा नये.

पुस्तकात पेन्सिल आणि खुणेची पट्टी. पेनाचं टोपण नको, लेकराच्या तोंडात जातं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. मोबाइलवरच वाचायचं असेल तर विमान मोड लावा. कुटुंबाच्या ग्रुपवर शुभ सकाळ वीस मिनिटं उशिरा बघितलं तर कुणी रागावत नाही. पाणी पिऊन आणि लघवीला जाऊन मगच बसा. हे सांगायची गोष्ट आहे का? आहे, वीसपैकी पाच मिनिटं यातच जातात.

६. वीस मिनिटांची बैठक

बसल्यावर लगेच नवीन पान वाचू नका. मागच्या वेळच्या शेवटच्या दोन परिच्छेदांपासून सुरुवात करा. पहिली चार-पाच मिनिटं डोक्यात उद्याचा डबा, डाळ भिजवायची, लसीची तारीख असलं काहीबाही येत राहतं. पुस्तकाच्या मागच्या कागदावर पेन्सिलीनं एका शब्दात लिहून टाका, 'डाळ', आणि पुढं वाचा.

मधेच लेकरू आलंच, तर जिथं आहात त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढा आणि मग उठा. नुसतं पुस्तक पालथं घालून उठलात तर पुन्हा ते पान पहिल्यापासून वाचावं लागतं, आणि दोनदा-तीनदा असं झालं की त्या पुस्तकाचाच कंटाळा येतो. लेकराला "दोन मिनिटं थांब" म्हणालात तर खरंच दोन मिनिटांत उठा. त्याला शब्द पाळला जातो असं कळलं की तीन-साडेतीन वर्षांचं लेकरूही थांबायला शिकतं.

थांबताना प्रकरण संपवायचा मोह टाळा. गोष्ट रंगात आलेली असतानाच वेळ संपली तर बरं. दुसऱ्या दिवशी कुणी ढकलायची गरज पडत नाही. सलग तीन बैठकांत पुस्तक ओढून नेल्यासारखं वाटलं तर ते परत करा, राखीव घ्या. वर्गणी भरलीय म्हणून पूर्ण वाचलंच पाहिजे असं नाही.

सावधान: किती पानं झाली याची नोंद ठेवू नका. बैठक झाली की कॅलेंडरवर एक टिंब, बस. पानं मोजायला लागलात की सोपी पुस्तकं निवडली जातात आणि वाचन हेही एक घरकाम होतं.

७. मोडलेले आठवडे

हे येणारच. महालक्ष्म्यांचे तीन दिवस आणि त्याआधीचा आठवडा, दिवाळीचा फराळ, लातूर-धाराशिवकडं येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाची तयारी, संक्रांतीनंतरचं हळदी-कुंकू. शेती असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि त्याच्या मागोमाग कापसाची वेचणी, तेव्हा घरात ताबा घ्यायलाच कुणी नसतं. हे आठवडे कॅलेंडरवर आधीच काट मारून ठेवा. त्या काळात फक्त ऐका, वाचनालयाचं पुस्तक परत करून या आणि दंड वाचवा.

लेकराचं आजारपण मात्र सांगून येत नाही. त्या आठवड्यात वाचनाचं नावही काढू नका. ताप उतरल्यावर लेकरू तीन-चार दिवस आईला चिकटूनच असतं, तेव्हा ताबा देण्याची घाई केली तर पुढचे पंधरा दिवस ते दुसऱ्या कुणाकडं जात नाही.

पुन्हा सुरुवात करताना बुडालेलं भरून काढायचं नाही. आज वीस आणि कालची वीस अशी चाळीस मिनिटं मागितली की घरच्यांच्या कपाळावर आठ्या येतात. पहिली बैठक दहा मिनिटांची आणि नवं काही नको: अर्धवट राहिलेलं पुस्तक वीस पानं मागं जाऊन चाळा. खंड महिन्याच्या वर गेला असेल तर ते सोडा, एखादी छोटी कथा घ्या आणि तिसऱ्या टप्प्यातला ताबा पुन्हा शब्दांत मागून घ्या. पूर्वी ठरलं होतं, आता आपोआप सुरू होईल, असं होत नाही. घरातली सगळी माणसं तो अर्धा तास विसरलेली असतात आणि त्यांनी त्यात दुसरं काहीतरी बसवलेलं असतं.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते, लेकराचा वर्ग बदलतो, रिक्षाची वेळ बदलते. तेव्हा पहिला टप्पा नव्यानं करा: आठ दिवस नुसती नोंद. त्या आठवड्यात वाचनालयातून नवं पुस्तक आणू नका, हातातल्याचीच मुदत वाढवून घ्या.